राखीव खेळाडू

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने टोलवावयाचा गोल चेंडू उभा राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र या नावाने एक निराळाच खेळ ओळखला जातो. त्याचा चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो बहुतेक वेळ पायाने नव्हे, तर हातानेच खेळला जातो. मैदान शंभर यार्ड लांब असते. यार्ड म्हणजे आपला वार, तीन फूट. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. ज्यांच्या ताब्यात चेंडू असेल त्यांनी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावयाचे. ते साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात. न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. असे सरकत सरकत शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला म्हणजे सहा गुण मिळतात. यास टचडाउन म्हणतात. प्रतिपक्ष अर्थातच स्वस्थ बसत नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्यास जसे घेरून पकडतात, तसे ते चेंडू घेऊन धावणाऱ्यास धरून जमिनीवर पाडतात. फरक इतकाच की, येथे पकडणारे पुष्कळदा शंभराहून अधिक किलो वजनाचे असतात, आणि त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर जाड कवच असते.

या खेळात एका गड्यावर साऱ्या संघाची भिस्त असते. त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू त्याच्याच हाती येतो. तो जवळच्या गड्याकडे सोपवून त्याला धावावयास लावावे, की दूर पळत असलेल्या गड्याकडे फेकावा, आणि फेकावयाचा तर चौघा-पाचांपैकी कोणाकडे, हे सारे त्याला सुमारे तीन सेकंदांत ठरवावे लागते. तेवढ्या अवधीत प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्याच्या अंगावर येऊन आदळण्याच्या बेतात असतात.

संघात क्वार्टरबॅक दोन किंवा तीन असतात, पण मैदानावर उतरतो तो एकच. इतर जागी राखीव गड्यांना आलटून पालटून संधी मिळते. येथे तसे नाही. पहिला धडधाकट आहे तोवर दुसऱ्याने कडेला उभे राहावयाचे, आणि तिसऱ्याने दुसऱ्याच्या मागे. खेळता येत असून न खेळणे हेच त्यांचे काम. कर्ट वॉर्नर या खेळाडूच्या आयुष्यातील कितीतरी वर्षे अशा कडेच्या जागी गेली.

वॉर्नरचा जन्म २२ जून १९७१ रोजी आयोवा संस्थानातील बर्लिंग्टन या गावी झाला. आयोवा म्हणजे मैलोगणती मक्याची शेते पसरलेला शेतकऱ्यांचा मुलूख. शालेय शिक्षण सीडर रॅपिड्स येथे पुरे करून तो सीडर फॉल्स येथील नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात दाखल झाला. तेथील संघात त्याला जागा मिळाली ती कडेची. वर्षामागून वर्षे तो आपली पाळी येण्याची वाट पाहत राहिला, आणि ती आली अगदी अखेरच्या वर्षी, १९९३ साली. त्या एका वर्षात तो आपल्या विभागातील आक्रमणाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु धंदेवाईक संघांचे निवडकर्ते एका वर्षाच्या पराक्रमावर विश्वास ठेवीत नाहीत. १९९४ च्या वसंत ऋतूत देशातील संघांनी शेकडो तरुण खेळाडू क्रमाक्रमाने निवडून घेतले. त्यांत वॉर्नरचे नाव नव्हते. ग्रीन बे येथील पॅकर्स संघाने त्याला परीक्षेसाठी बोलावले खरे. पण तेथे ब्रेट फार्वसारखे क्वार्टरबॅक आधीच होते. हंगाम सुरू होण्यापूर्वीच वॉर्नरला निरोप देण्यात आला.

तो सीडर फॉल्सला परतला. दिवसा विद्यापीठाच्या संघाला शिकवण्याच्या कामात तो साहाय्य करी, आणि रात्री हाय-व्ही नावाच्या किराणा मालाच्या मोठ्या दुकानात रिकाम्या झालेल्या फळ्यांवर डबे व पुडे रचून ठेवी. मजुरी तासाला साडेपाच डॉलर. याच सुमारास एका तरुणीशी त्याचा स्नेह जुळला होता. तिला पहिल्या लग्नाची दोन मुले होती, आणि थोरल्या मुलाची दृष्टी तान्हेपणी झालेल्या अपघातात गेली होती. १९९६ च्या एप्रिलमध्ये चक्रीवादळात घर कोसळून तिचे आईवडीलही मृत्यू पावले. वॉर्नरने पुढील वर्षी तिच्याशी विवाह केला आणि दोन्ही मुलांना आपले नाव दिले.

वॉर्नर प्रसिद्धीस आल्यावर वृत्तपत्रांनी या दुकानातील नोकरीचा फार गवगवा केला. जणू रात्री फळ्या भरणे ही मोठी नामुष्कीची गोष्ट होती! वास्तविक त्यात लाजण्यासारखे काहीच नव्हते. शिवाय वॉर्नरचा खेळ घडला तो त्या दुकानात नव्हे, तर निराळ्याच एका ठिकाणी. आणि त्या ठिकाणाकडे मात्र लोकांचे लक्ष फारसे गेले नाही.

ते ठिकाण म्हणजे डे मॉइन शहरातील एक बंदिस्त क्रीडागृह. छपराखाली खेळावयाचा फुटबॉलचा एक छोटा प्रकार अमेरिकेत १९८७ साली सुरू झाला होता. त्याचे मैदान पन्नास यार्ड लांब, म्हणजे नेहमीच्या निम्मे, आणि रुंदीलाही जवळजवळ निम्मे असते. बर्फावरील हॉकीच्या अंगणाएवढ्या जागेत तो बसतो. दोन्हीकडे आठ-आठ गडी असतात. मैदानाच्या कडेला रेषेऐवजी गादीच्या भिंती असतात, आणि ढकललेला खेळाडू त्या भिंतींवरून थेट प्रेक्षकांच्या मांडीवर जाऊन पडल्याचे प्रसंगही घडत. आयोवा बार्नस्टॉर्मर्स या नव्या संघातर्फे वॉर्नर १९९५ साली तेथे खेळू लागला. जाणते लोक या खेळास करमणुकीचा प्रकार समजत. क्वार्टरबॅकची मात्र येथे खरी कसोटी लागे. मोठ्या मैदानावर त्याला तीन सेकंद मिळतात. येथे तेवढेही मिळत नसत. जागा चिंचोळी असल्याने आपला गडी मोकळा दिसतो न दिसतो तोच चेंडू हातातून सुटला पाहिजे, आणि हातभर इकडेतिकडे झाला तर तो प्रतिपक्षाच्या हाती गेलाच म्हणून समजावे. चुकीला झाकावयास मोकळे मैदानच नाही. वॉर्नर येथे तीन हंगाम खेळला. १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. दोन्ही वेळा संघ हरला. पण झटकन पाहणे, झटकन ठरवणे आणि नेमके फेकणे ही गोष्ट वॉर्नरच्या अंगवळणी पडून गेली.

१९९७ साली शिकागोच्या बेअर्स संघाने त्याचा खेळ पाहण्याचे ठरवले. नेमका त्याच वेळी, लग्नानंतरच्या प्रवासात, त्याच्या उजव्या कोपरास विषारी कोळी चावला. हात सुजून आला, चेंडू फेकणे अशक्य झाले आणि ती संधी हुकली. या उजव्या हाताचे ग्रह त्या काळी काही ठीक नसावेत!

अखेर सेंट लुइस येथील रॅम्स संघाने त्याला करारबद्ध केले, आणि १९९८ च्या वसंतात युरोपातील अमेरिकन फुटबॉलच्या स्पर्धेत खेळण्यासाठी हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम येथे धाडले. तेथे त्याने सर्व क्वार्टरबॅकांहून अधिक यार्ड मिळवले. परत आल्यावर रॅम्समध्ये त्याचा क्रमांक लागला तिसरा. साऱ्या वर्षात तो एकाच सामन्यात उतरला. अकरा वेळा चेंडू फेकला. चार वेळा तो आपल्या गड्याच्या हाती पडला. एकूण कमाई एकोणचाळीस यार्ड. १९९९ च्या आरंभी क्लीव्हलंड येथे नव्याने उभ्या राहणाऱ्या संघाला इतर संघांनी आपले काही खेळाडू देऊ करावयाचे होते. रॅम्सने दिलेल्या यादीत वॉर्नरचे नाव होते. म्हणजे तो गेला असता तरी रॅम्सला चालणार होते. आणि क्लीव्हलंडनेही त्याला घेतले नाही.

रॅम्सची तेव्हाची स्थिती मोठी केविलवाणी होती. १९९० पासून सलग नऊ हंगामांत एकदाही त्यांच्या विजयांची संख्या पराभवांपेक्षा अधिक झाली नव्हती. १९९८ साली सोळांपैकी चार सामने त्यांनी जिंकले होते. ही दशा पालटावी म्हणून संघाने वॉशिंग्टनहून ट्रेंट ग्रीन नावाचा क्वार्टरबॅक मोठी रक्कम मोजून आणला. ग्रीन सेंट लुइसच्याच परिसरात वाढलेला. त्यामुळे गावाला तो घरचाच वाटे. सरावात तो उत्तम खेळत होता. संघावर बऱ्याच वर्षांनी आशेचा कवडसा पडला होता.

२८ ऑगस्ट १९९९ रोजी हंगामापूर्वीचा एक सरावाचा सामना सॅन डिएगो संघाशी झाला. ग्रीन चेंडू फेकीत असताना प्रतिपक्षाचा एक गडी त्याच्या डाव्या गुडघ्यावर येऊन आदळला. गुडघ्याचे बंध तुटले. हंगाम सुरू होण्यापूर्वीच ग्रीनचा हंगाम संपला.

संघाचे मार्गदर्शक डिक व्हर्मील तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. त्यानंतर वार्ताहरांपुढे बोलताना त्यांचा कंठ दाटून आला, डोळ्यांत पाणी उभे राहिले. तरीही, आम्ही सारे कर्ट वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगला खेळ करू, असे ते म्हणाले. ऐकणाऱ्यांना हे शब्द एखाद्या दुःखी माणसाच्या सांत्वनासारखे वाटले. अठ्ठावीस वर्षांच्या वॉर्नरचे नाव गावाबाहेर कोणी ऐकलेही नव्हते.

१२ सप्टेंबरला पहिला सामना बाल्टिमोर संघाशी झाला. वॉर्नरने ३०९ यार्डांची चाल साधली आणि त्याच्या फेकीवर तीन टचडाउन झाले. रॅम्स २७-१० असे जिंकले. दुसऱ्या सामन्यात पुन्हा तीन टचडाउन, तिसऱ्यात पुन्हा तीन. लोक म्हणू लागले, आता खरी परीक्षा सॅन फ्रॅन्सिस्कोपुढे. त्या संघाने रॅम्सला मागील सतरा सामन्यांत सलग हरवले होते. १० ऑक्टोबरला तो सामना झाला. वॉर्नरच्या फेकीवर पाच टचडाउन झाले आणि रॅम्सनी ४२-२० असा विजय मिळवला.

हे सारे त्याच्या एकट्याच्या बळावर झाले असे समजणे बरोबर होणार नाही. मार्शल फॉकसारखा चपळ धावपटू त्याच वर्षी संघात आला होता. आयझॅक ब्रूस आणि टॉरी होल्ट हे दूरचा चेंडू झेलण्यात वाकबगार होते. ओरलँडो पेससारखा भिंतीसारखा गडी वॉर्नरच्या पुढे उभा असे. आक्रमणाची आखणी करणारे माइक मार्ट्झ यांची रीतही निराळी होती. चेंडू गड्याकडे फेकावयाचाच नाही. गडी जेथे पोचणार आहे त्या रिकाम्या जागी, तो वळून पाहण्यापूर्वीच फेकावयाचा. यासाठी क्वार्टरबॅकला डोळ्यांबरोबर मनानेही पाहावे लागते, आणि क्षणाचाही विलंब चालत नाही. डे मॉइनच्या चिंचोळ्या अंगणात तीन वर्षे घालवलेल्या माणसाला ही रीत नवी नव्हती. उलट शंभर यार्डांचे मैदान त्याला ऐसपैसच वाटले असेल.

हंगाम संपला तेव्हा रॅम्सचे तेरा विजय व तीन पराभव झाले होते. संघाने ५२६ गुण मिळवले होते. वॉर्नरच्या शंभर फेकींपैकी पासष्ट फेकी आपल्या गड्याच्या हाती पडत होत्या. त्याने ४,३५३ यार्ड मिळवले आणि त्याच्या फेकीवर ४१ टचडाउन झाले. एका हंगामात चाळीस किंवा त्याहून अधिक टचडाउन करणारा त्यापूर्वी एकच क्वार्टरबॅक होऊन गेला होता, तो म्हणजे मायामीचा डॅन मरीनो. वर्षातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून वॉर्नरची निवड झाली.

मिनेसोटा आणि टँपा बे या संघांना हरवून रॅम्स अंतिम सामन्यास, ज्याला सुपर बोल म्हणतात त्यास, येऊन पोचले. ३० जानेवारी २००० रोजी अटलांटा येथे टेनेसी टायटन्स संघाशी तो खेळला गेला. रॅम्सनी १६-० अशी आघाडी घेतली. पण टायटन्स खचले नाहीत. त्यांचा क्वार्टरबॅक स्टीव्ह मॅकनेअर याने एकेक पाऊल पुढे रेटत सामना १६-१६ असा बरोबरीत आणला. दोन मिनिटे आणि काही सेकंद उरले होते. अशा वेळी सामान्य खेळाडू थोडे थोडे यार्ड मिळवून वेळ सांभाळतो. वॉर्नरने पहिल्याच चालीत ब्रूससाठी लांबवर चेंडू फेकला. चेंडू हातातून सुटत असतानाच टायटन्सचा जेव्हॉन कर्स त्याला येऊन धडकला व वॉर्नर खाली कोसळला. त्या धक्क्याने फेक थोडी तोकडी पडली. ब्रूस थबकला, मागे वळला, त्याने चेंडू झेलला आणि पकडणाऱ्यांना चुकवीत तो शेवटच्या रेषेपार गेला. त्र्याहत्तर यार्डांची ती चाल होती. रॅम्स २३, टायटन्स १६.

टायटन्सनी उरलेल्या वेळात पुन्हा मुसंडी मारली. सहा सेकंद राहिले तेव्हा ते रेषेपासून दहा यार्डांवर होते. मॅकनेअरने केव्हिन डायसनकडे चेंडू फेकला. तो झेलून डायसन रेषेकडे झेपावला, तोच रॅम्सच्या माइक जोन्सने त्याचे पाय धरले. डायसनने पडता पडता हात लांबवला. चेंडू रेषेपासून जेमतेम एका यार्डावर राहिला आणि वेळ संपली. वॉर्नर त्या क्षणी मैदानाबाहेर, आपल्या जुन्या कडेच्या जागी उभा होता. अशा वेळी क्वार्टरबॅकला पाहण्यावाचून दुसरे काही करता येत नाही. त्या दिवशी त्याने ४१४ यार्ड मिळवले. सुपर बोलमधील हा विक्रम २०१७ सालापर्यंत अबाधित होता.

आणि ट्रेंट ग्रीन? तो गुडघा बरा होण्याची वाट पाहत सारा हंगाम पाहत राहिला. जे स्थान त्याच्यासाठी मांडून ठेवले होते, तेथे दुसऱ्याने वैभव उभे केले होते. २००० साली वॉर्नरच्या हाताचे बोट मोडले, तेव्हा काही सामने ग्रीन खेळला आणि चांगला खेळला. त्यानंतर तो कॅन्सस सिटीला गेला. तेथे त्याने अनेक वर्षे नाव कमावले. एकाच्या संधीखाली दुसऱ्याचे दुखणे दडलेले असते, ही गोष्ट विजयाच्या मिरवणुकीत सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

वॉर्नरच्याही वाट्याला ती बाजू आली. २००१ साली तो पुन्हा वर्षाचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. परंतु अंतिम सामन्यात न्यू इंग्लंडच्या संघाने अगदी शेवटच्या क्षणी अठ्ठेचाळीस यार्डांवरून चेंडू लाथाडून तीन गुण मिळवले आणि रॅम्स १७-२० असे हरले. पुढील वर्षी वॉर्नरने आरंभ केलेले सहाही सामने संघाने गमावले, आणि त्याचे बोट पुन्हा मोडले. २००३ च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या हातून सहा वेळा चेंडू निसटला. मार्क बल्जर या तरुणाला त्याची जागा देण्यात आली. ज्या मैदानाने त्याला डोक्यावर घेतले, त्याच्याच कडेला तो पुन्हा उभा राहिला.

२००४ साली तो न्यू यॉर्कच्या जायंट्स संघात गेला. तेथे त्याने नऊ सामने सुरू केले व पाच जिंकून दिले. परंतु संघाने ईलाय मॅनिंग नावाचा तरुण भविष्याकडे पाहून घेतला होता. हंगामाच्या मध्यावरच जागा त्याला मिळाली. पुढे ॲरिझोनाच्या कार्डिनल्स संघात २००६ साली पुन्हा तोच प्रकार झाला. या वेळी तरुणाचे नाव मॅट लाइनर्ट होते. वॉर्नर पस्तिशीला आला होता. सुपर बोल जिंकलेला माणूस म्हणून रुसून बसण्यास त्याला कारण होते. तो रुसला नाही. चेंडू निसटू नये म्हणून त्याने पुढे हातमोजे घालून खेळण्याची सवय केली आणि सरावात खंड पडू दिला नाही. २००७ साली लाइनर्टच्या खांद्याजवळचे हाड मोडले, तेव्हा कडेचा गडी पुन्हा मैदानात आला. आणि पुढील वर्षी मार्गदर्शकांनी पहिली जागा त्यालाच दिली.

१९४७ नंतर कार्डिनल्सनी अजिंक्यपद पाहिले नव्हते, आणि सुपर बोलपर्यंत ते कधीच पोचले नव्हते. २००८ च्या हंगामात वॉर्नरने त्यांना तेथवर नेले. १ फेब्रुवारी २००९ रोजी टँपा येथे पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाशी सामना झाला. शेवटची अडीच मिनिटे राहिली असता वॉर्नरने लॅरी फिट्झजेराल्डकडे चेंडू फेकला, आणि चौसष्ट यार्ड धावून त्याने कार्डिनल्सना २३-२० असे पुढे नेले. विजय हाती आल्यासारखा वाटला. पण पस्तीस सेकंद उरले असताना स्टीलर्सच्या सँटोनिओ होम्सने मैदानाच्या अगदी कोपऱ्यात, पायांची बोटे जेमतेम आत टेकवून चेंडू झेलला. २७-२३. नऊ वर्षांपूर्वी एका यार्डाने जिंकलेला माणूस या वेळी होम्सच्या पायांच्या बोटांनी हरला. त्या दिवशी सुपर बोलमध्ये एका क्वार्टरबॅकने मिळवलेल्या यार्डांचे सर्वांत मोठे तीन आकडे, ४१४, ३७७ आणि ३६५, हे तिन्ही वॉर्नरचेच होते. आणि त्या तीन सामन्यांपैकी दोन तो हरला होता.

२०१० च्या जानेवारीत न्यू ऑर्लीन्स येथे तो अखेरचा सामना खेळला. त्याच महिन्यात, अडतिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. ओहायो संस्थानातील कँटन येथे धंदेवाईक फुटबॉलच्या थोर खेळाडूंचे स्मारकमंदिर आहे. २०१७ साली तेथे वॉर्नरचा समावेश झाला. छपराखालच्या छोट्या फुटबॉलनेही आपल्या थोर खेळाडूंत त्याची गणना काही वर्षे आधीच केली होती. मोठ्या आणि छोट्या अशा दोन्ही मैदानांवर हा मान मिळालेला तो पहिलाच खेळाडू ठरला.